पोटात काही गेलंय का?

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद मिस्त्रींनी कामाच्या खोलीत भिंतीवर लावला, तोही चारी कोपऱ्यांना खिळे ठोकून, जणू वादळच येणार होतं. कागदावर लिहिलं होतं की भुलीच्या आधी सहा तास काही खायचं नाही, दोन तास पाणीसुद्धा प्यायचं नाही. कपडे सैल हवेत, सदरा आखूड बाह्यांचा. अंगठी घरी काढून ठेवायची. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची नाही, हत्याराला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: सोबत एक जबाबदार मोठं माणूस हवं, आणि त्याने दिवस मावळेपर्यंत पेशंटला एकटं सोडायचं नाही. बाकी सगळं मिस्त्रींना जमण्यासारखं होतं. घोडं अडलं ते या शेवटच्या ओळीपाशी.

मिस्त्री खुर्च्या आणि सोफे नव्याने भरून द्यायचे. जुन्या लाकडी सांगाड्यावर नवा काथ्या, नवी गादी, वर नवं कापड. चाळीस वर्षं हेच काम. या धंद्यातली जुनी माणसं बारीक खिळे तोंडात धरतात. मूठभर खिळे गालात टाकायचे, जिभेने एकेक फिरवून ओठांवर आणायचा. हातोडीच्या तोंडाला लोहचुंबक असतं, ती ओठांपाशी नेली की खिळा तिला चिकटतो आणि पापणी लवायच्या आत कापडात जाऊन बसतो. दुसरा हात कापड ताणायला मोकळा राहतो. मिस्त्री हे इतक्या सफाईने करत की गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बघत राहत. वीस खिळे गालात असताना हा माणूस चहाचा घोट घेतो, अशी त्यांची ख्याती होती. ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचाही हात होता.

दातांचं मग जे व्हायचं ते झालंच. पुढच्या दोन दातांना खाचा पडल्या, बाजूचे काळे झाले, मागच्या दाढांच्या नुसत्या कडा उरल्या. मिस्त्री हसताना तोंडावर हात धरत आणि फोटोत ओठ घट्ट मिटून उभे राहत, त्यामुळे प्रत्येक फोटोत ते कोणावर तरी रागावल्यासारखे दिसत. अनोळखी गिऱ्हाईक दारात दिसलं की ते आधी मूठभर खिळे गालात टाकायचे. मग 'हं' आणि 'परवा' एवढ्यावर भागायचं, दात कोणाला दिसायचे नाहीत. त्यांची बायको म्हणायची, लग्नाला होकार द्यायला यांनी चार महिने लावले, तेव्हाही तोंडात खिळेच असणार.

शेवटी दाढ इतकी ठणकायला लागली की मिस्त्री आठवडाभर पेजेवर आले. बायकोने बळेच दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाच दात काढावे लागतील, मग नवे बसवू. मिस्त्री मोठ्या ऐटीत खुर्चीत बसले. जाता जाता खुर्चीची गादी कशी निकृष्ट भरलीय तेही त्यांनी बाईंना सुनावलं. बाईंनी सुई हातात घेतली मात्र, आणि मिस्त्री 'एक मिनिट' म्हणून जे उठले ते दोन जिने उतरून, रस्ता ओलांडून, थेट आपल्या कामाच्या खोलीत. तिथे एक गिऱ्हाईक वाट बघत होतं. त्याला मिस्त्रींनी सांगितलं की डॉक्टर आज आल्याच नाहीत. दवाखान्याचा निळा कागदी रुमाल तेव्हा त्यांच्या गळ्यात साखळीने लटकत होता. गिऱ्हाईक सभ्य होतं. त्याने एकदा रुमालाकडे पाहिलं आणि मग बराच वेळ छताकडे पाहिलं.

तेव्हापासून त्या दुपारची आठवण झाली तरी मिस्त्रींचे कान तापायचे. बाईंनीच मग निरोप पाठवला की हाताच्या शिरेतून औषध देऊ, अर्धवट झोप लागेल, कळणार नाही आणि आठवणारही नाही. भीती वाटणाऱ्या पुष्कळ लोकांना देतो, असंही त्या म्हणाल्या. मिस्त्रींना त्यातला 'भीती' हा एकच शब्द ऐकू आला.

राहता राहिलं जबाबदार माणूस. बायकोचे गुडघे दोन जिने चढण्यातले नव्हते. मुलगी दूरच्या शहरात, तिच्या पोरांच्या परीक्षा चालू. शेजाऱ्यांना सांगायचं म्हणजे मिस्त्री दाताला घाबरतात हे चार घरी करायचं. शेवटी बायकोने त्यांना न विचारता एक फोन केला आणि कामाच्या खोलीच्या दारात येऊन सांगितलं, "धाकटा येतोय. रजा टाकलीय त्याने." धाकटा म्हणजे तिचा भाऊ. मिस्त्रींच्या तोंडात नेमके खिळे होते, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

हा मेव्हणा नऊ वर्षांत या घराची पायरी चढला नव्हता. त्याआधी सहा वर्षं तो मिस्त्रींच्याच हाताखाली होता. हात चांगला, कापडाची नजर चांगली, बोलणं कमी. एक दिवस काम करता करता त्याच्या तोंडातला एक खिळा पोटात गेला. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांत आपोआप पडेल. पडलाही. पण ते तीन दिवस मिस्त्रींनी रोज सकाळी गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारलं, "काय, आला का माल बाहेर?" कोंबडी जशी खडे गिळते तसा हा खिळे गिळतो, म्हणून त्यांनी त्याचं नाव 'कोंबडी' ठेवलं. नाव गल्लीभर झालं. चहावाला म्हणायला लागला, कापडवाला म्हणायला लागला. मेव्हण्याच्या मुलीला शाळेत कोणीतरी 'कोंबडीची पोर' म्हणालं. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने हातोडी टेबलावर नीट ठेवली, बहिणीला सांगितलं आणि गेला. आता तो बस बांधायच्या कारखान्यात सीटा बसवायचा. तिथे सगळं खिळे मारायच्या बंदुकीने ठोकतात, तोंडात कोणी काही धरत नाही.

मिस्त्रींनी मात्र ती गोष्ट सोडली नाही. लग्नात, बारशात, गिऱ्हाइकांत, जिथे चार माणसं भेटतील तिथे ती सांगितली, आणि शेवट ठरलेला: "चाळीस वर्षांत आपल्या पोटात एक खिळा गेलेला नाही." लोक हसायचे. बायको उठून आत जायची. एकदाच ती म्हणाली होती, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची?"

तर तो दिवस उजाडला. मिस्त्रींनी रात्री नऊला जेवून तोंड बंद केलं होतं. सकाळी आठला शेवटचं पाणी प्यायले. साबण लावून अंगठी काढली, आखूड बाह्यांचा सदरा घातला आणि कागदासमोर उभं राहून एकेक ओळ बोटाने तपासली. परीक्षेला निघालेल्या पोराचं पाहावं तसं बायको लांबून पाहत होती. मेव्हणा साडेनवाला येणार होता. मधला दीड तास मिस्त्रींना खायला उठला. चहा नाही, काही नाही. तोंड रिकामं, आणि रिकाम्या तोंडाची त्यांना सवयच नव्हती.

कामाच्या खोलीत एक उंच पाठीची खुर्ची उलटी पडलेली होती. सगळी तयार, फक्त खालच्या बाजूचं काळं कापड ठोकायचं बाकी. उद्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही म्हणजे ही खुर्ची अशीच पाय वर करून पडणार. एवढं वीस मिनिटांचं काम, असं म्हणून मिस्त्रींनी हातोडी उचलली. आणि खिळे? खिळे कधी गालात गेले हे त्यांना कळलंच नाही. जित्याची खोड ती. लोखंडाची ती आंबूस चव जिभेवर आली आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. खिळे म्हणजे काही खाणं नव्हे, असंही त्यांनी मनाला समजावलं.

तीन बाजू ठोकून झाल्या. चौथी अर्ध्यावर आली. दाराकडे त्यांची पाठ होती. मेव्हणा अर्धा तास आधीच आला होता, आणि बहिणीला भेटून तो कामाच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "भावोजी."

नऊ वर्षांत न ऐकलेला आवाज. मिस्त्री दचकले, श्वास आत गेला, आणि श्वासाबरोबर एक खिळा. घशाला ओरखडा काढत तो खाली उतरला. बाकीचे त्यांनी हातावर थुंकले, मूठ मिटली आणि मागे वळून म्हणाले, "आलास? बस." डोळ्यांत पाणी आलं होतं. मेव्हण्याला वाटलं, इतक्या वर्षांनी पाहिलं म्हणून आलं असेल. त्यानेही मान खाली घातली.

आणि तिथे, थुंकीने ओले खिळे मुठीत दाबून उभं असताना, मिस्त्रींच्या मनात ती दुपार उभी राहिली. आठवली म्हणणं खोटं होईल, ते ती कधी विसरलेच नव्हते. मेव्हणा दाराकडे पाठ करून काम करत होता. कापड तिरकं गेलंय असं मिस्त्रींना वाटलं आणि ते मागून त्याच्या कानाशी ओरडले होते. तो दचकला, म्हणून खिळा गेला. नंतर पाहिलं तर कापडही सरळच होतं. गोष्ट सांगताना मिस्त्री एवढाच भाग गाळत आले होते. गाळता गाळता इतकी सफाई आली होती की त्यांना स्वतःलाही तो सांधा दिसेनासा झाला होता.

दवाखान्यापर्यंत दोघं चालत गेले. मेव्हण्याने बहिणीच्या गुडघ्यांचं विचारलं, कारखान्यातल्या नव्या यंत्राचं सांगितलं. मिस्त्री 'हं' म्हणत होते. दर दहा पावलांवर ते ठरवत की आता सांगायचं, आणि पुढच्या दहा पावलांत ते ठरवलेलं गळून पडे. नेमक्या याच माणसासमोर, नेमकं हेच कसं सांगायचं? दुसरं कोणीही सोबत असतं तर त्यांनी हसून सांगून टाकलं असतं, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, दुसरं कोणी असतं तरी सांगितलं नसतं.

दवाखान्यात नर्सने दोघांना बाकावर बसवलं आणि फॉर्म भरायला घेतला. शेवटचं जेवण कधी, पाणी कधी, गोळ्या कुठल्या, रक्तदाब आहे का. मिस्त्री भराभर उत्तरं देत होते. मग तिने मान वर करून विचारलं, "त्यानंतर पोटात काही गेलंय का, काका? काहीही?"

मेव्हणा शेजारीच बसला होता. त्याच्या मांडीवर मिस्त्रींच्या चष्म्याचं घर होतं.

"नाही," मिस्त्री म्हणाले.

लोक मूग गिळून गप्प बसतात. मिस्त्री खिळा गिळून बसले.

नर्स मग मेव्हण्याकडे वळली. काकांना नंतर चक्कर येईल, जिन्यात धरा, घरी गेल्यावर कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका. मेव्हण्याने विचारलं, कुठल्या कुशीवर. तिने सांगितलं. त्याने खिशातून पेन काढून तळहातावर लिहून घेतलं. मग त्याने आणखी विचारलं की झोपेत घशात काही आलं तर काय करायचं. नर्स म्हणाली, म्हणूनच पोट रिकामं लागतं, भुलीत पोटातलं वर आलं आणि श्वासनळीत गेलं तर जिवावर बेततं, पण काकांनी सगळं पाळलंय, काळजी नको. मेव्हण्याने 'जबाबदार व्यक्ती' असं लिहिलेल्या जागी सही केली. नातं विचारलं होतं तिथे सावकाश, सुबक अक्षरात 'मेव्हणा' लिहिलं. मिस्त्री ते अक्षर बघत राहिले. आपल्या दुकानाच्या पाटीवरचं अक्षर याच हाताचं आहे, हे त्यांना इतक्या वर्षांत एकदाही कोणाला सांगावंसं वाटलं नव्हतं.

मिस्त्रींना आत नेलं. गळ्यात तोच निळा रुमाल, खाली तीच निकृष्ट गादी. हाताच्या शिरेत बारीक नळी बसवली, तेव्हा मिस्त्रींनी हूं की चूं केलं नाही. खरं म्हणजे या वेळी सुईची भीती त्यांना वाटतच नव्हती. एवढी लाज पोटात असली की भीतीला जागाच उरत नाही. बाहेर तो माणूस तळहातावर कुशी लिहून बसला होता. उद्या आपलं काही बरंवाईट झालं, तर फॉर्मवर सही त्याची. लोक त्यालाच विचारतील, तू सोबत होतास ना? आणि त्याच्याकडे या वेळीही सांगायला काही नसेल, कारण त्याला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं.

बाईंनी औषधाची सुई नळीला लावली.

"थांबा," मिस्त्री म्हणाले.

नर्सने चटकन त्यांच्या गळ्यातला रुमाल धरला. मागचा अनुभव ताजा होता.

"पळत नाही. माझ्या मेव्हण्याला आत बोलवा."

बाईंनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोलावलं. मेव्हणा चष्म्याचं घर छातीशी धरून आत आला, समोर उभा राहिला. मिस्त्रींना तोंडावर हात धरायचा होता, पण एका हातात नळी होती आणि दुसरा का कोण जाणे उचलेना. खाचा पडलेले, काळे, सगळे दात दिसत असताना त्यांनी सांगितलं.

"सकाळी तू दारात आलास, तेव्हा माझ्या तोंडात खिळे होते. एक पोटात गेला. यांना मी खोटं सांगितलं." मग मेव्हण्याकडे नीट बघत, "आणि तुझ्या पोटात गेला होता ना, तेव्हा मी मागून ओरडलो होतो तुझ्यावर. कापड सरळ होतं तुझं. एवढं सोडून बाकीचं सगळं नऊ वर्षं जगाला सांगत सुटलो."

मेव्हणा चष्म्याचं घर उघडत आणि मिटत राहिला.

"मला माहीत आहे की, भावोजी," तो म्हणाला. "मी तिथेच होतो."

एवढंच. रागाने नाही, टोमणा मारूनही नाही. आज वार कोणता असं विचारल्यावर सांगावं, तसं त्याने ते सांगितलं. मिस्त्रींना वाटलं, याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकी वर्षं आपण जे झाकून ठेवलं, ते ज्याच्यापासून झाकायचं त्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. झाकलं ते फक्त हसणाऱ्यांपासून. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि त्या घाणेरड्या गादीत त्यांना पुरेपूर लाज वाटली.

बाईंनी नळी काढून टाकली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सांगितलंत हे चांगलं केलंत, आणि मग जरा कडक आवाजात, पण बाहेरच सांगायला हवं होतं. त्यांनी दोघांना लगेच मोठ्या दवाखान्यात पोटाचा फोटो काढायला पाठवलं. काळ्या पडद्यावर मिस्त्रींच्या पोटात तो खिळा टोपीसकट लख्ख दिसत होता. तिथले डॉक्टर म्हणाले, श्वासाच्या वाटेत नाही, पुढे सरकतोय, बारीक आहे, आपोआप पडेल. नेहमीसारखं खा. पोटात दुखलं, उलटी झाली किंवा रक्त दिसलं तर तडक या, नाहीतर चौथ्या दिवशी पुन्हा फोटो. दातांचं काम पुढच्या गुरुवारवर गेलं.

घरी आल्यावर मिस्त्री म्हणाले, भूल दिलीच नाही, तू जा आता, तुझी रजा फुकट गेली. मेव्हणा म्हणाला, सही केलीय मी दिवस मावळेपर्यंतची, आणि बसून राहिला. बहिणीने वाढलेलं जेवला. दुपारी तो कामाच्या खोलीत आला, उलट्या खुर्चीपाशी बसला आणि बहिणीकडून चहाची बशी मागून घेतली. खिळे बशीत ओतले. एकेक बोटाने उचलत, सावकाश, त्याने ती चौथी बाजू पुरी केली. मिस्त्री कापड ताणून धरत होते. वेळ लागला तिप्पट, पण रांग दोरी लावल्यासारखी सरळ आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. मेव्हण्याचा होता. मिस्त्रींनी फोन कानाला लावला आणि अंग चोरून उभे राहिले. आता विचारणार. विचारायलाच हवं, त्याचा हक्कच आहे. मेव्हण्याने विचारलं, "चहा झाला का? पोट दुखत नाही ना?" मग ताईचे गुडघे, मग ठेवतो म्हणून फोन ठेवला. तिसऱ्या दिवशीही तेच. चहा, पोट, गुडघे. मिस्त्री फोन ठेवून तिथेच भिंतीला टेकून बसले. बायकोने विचारलं, काय झालं? ते म्हणाले, काही नाही, तो विचारत नाही. तिला कळलं. ती त्यांच्याशेजारी बसली. मग उठताना म्हणाली, "तुम्ही तीनही दिवस विचारलं होतं."

चौथ्या दिवशी फोन वाजायच्या आधी मिस्त्रींनीच लावला.

"निघाला," ते म्हणाले.

पलीकडे कारखान्याचा आवाज येत होता. मेव्हणा हसला असता तर मिस्त्रींनी ते मुकाट सोसलं असतं. तो हसला नाही.

"बरं झालं," तो म्हणाला. "फोटो काढून घ्या तरी. मग गुरुवारी किती वाजता येऊ? या वेळी दारातनं हाक नाही मारत, समोर येऊन उभा राहतो."

टेबलावर खिळ्यांची बशी होती.

"कुठूनही ये," ते म्हणाले. "हाक मार. माझं तोंड रिकामंच असेल."